पुलावरून हात करणारी माणसं

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पंचशीलाच्या फोनवर नेपाळमधून वडिलांचा व्हिडिओ आला. त्या वेळी ती बीडमधल्या एका खासगी लॅबमध्ये पेशंटच्या दंडाला रबरी पट्टा बांधत होती. तिने रक्त घेतलं, नळीवर नाव लिहिलं, हातमोजे काढले आणि मग व्हिडिओ उघडला.

पांढऱ्या गोट्यांनी भरलेलं नदीचं रुंद पात्र दिसलं. मधून घोटाभर पाण्याचा ओहोळ. ओहोळापलीकडे त्यांची बस, तिच्यामागे उंच पूल, पुलामागे हिरवा डोंगर. बसशेजारी गॅसची शेगडी पेटली होती आणि भोवती बायका बसल्या होत्या. एक माणूस बादलीने बसच्या काचांवर पाणी मारत होता.

"पंचे, बघ, हे नेपाळ," तिचे आप्पा, बन्सी, सांगत होते. ते स्वतः दिसत नव्हते, फोन त्यांच्या हातात होता. "पुलाच्या म्होरं दरड पडलीया. रस्ता मोकळा करायलेत. तवर म्हनलं च्या-पोहे करून घ्यावं. सटवानं गाडी खाली घेतली. नदी बघ कशी हाय, आपल्या सिंदफणेवानी. आपल्याकडं पाऊस पडला का गं? इथं न्हाई. वरच्या अंगाला आभाळ लई हाय नुसतं."

मग फोन पुलाकडे वळला. कठड्याला माणसं ओळीने उभी होती आणि हात हलवत होती.

"आन् ही मानसं बघ. मघाधरून हात करायलेत आपल्याला. लई मायेची मानसं हायत." फोनसमोर बन्सींचा हात आला. तेही पुलाकडे हात करत होते.

लांबून आईचा, केशरबाईंचा आवाज आला. "अवं, या की आता इकडं! च्या थंड व्हायलाय!"

कुठेतरी शिट्टी वाजत होती. "पोलीस हाय बे वर," एक पुरुष म्हणाला. "गाडी इथं लावू नका म्हनत असंल." बादलीवाला ओरडला, "च्या पाजा त्याला, गप बसंल!" बायका हसल्या आणि व्हिडिओ संपला.

पंचशीलालाही हसू आलं. तिने व्हिडिओ तलवाड्याला भावाला पाठवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ही सहल तलवाड्याच्या विहारातून निघाली होती. ती आखली सतीशने. तो झेडपीच्या शाळेत शिक्षक होता आणि नात्याने पंचशीलाचा चुलतभाऊ. बुद्धगया, कुशीनगर, लुंबिनी आणि शेवटी काठमांडूचा स्वयंभू स्तूप असा बेत होता. परतीची तारीख पेरणी धरून ठरली. मृगाचा पाऊस मृगात पडल्याचं तलवाड्याने बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नाही. जून सरत आल्याशिवाय तिथे कुणी तिफण बाहेर काढत नाही. तोवर फिरून येऊ, असं सगळ्यांनी धरलं होतं. नेपाळच्या डोंगरात पाऊस त्याच्या कितीतरी आधी येतो, हे बसमधल्या कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

बस भाड्याची होती, ड्रायव्हर सटवा गेवराईचा. बसवर येण्याआधी तो गोदावरीच्या पात्रात वाळूचा टिप्पर चालवायचा. टायर कुठे रुततं आणि कुठे नाही, हे त्याला पात्रावर नजर टाकताच कळे. पुलाजवळ ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खाली उतरताना दिसल्या, तेव्हा त्याने कुणाला विचारलं नाही. वर घाटात गाड्यांची रांग लागली होती, उभं राहायला जागा नव्हती. खाली सपाट जागा होती आणि गाडी धुवायला पाणी होतं. बसमधल्यांपैकीही कुणी हरकत घेतली नाही. त्यांच्याकडे नदीचं पात्र ही भीतीची जागा नाही. तिथे म्हशी चरतात, पोरं क्रिकेट खेळतात, लग्नाची पंगत बसते.

साडेदहाच्या सुमारास लॅब रिकामी झाली. रिसेप्शनवरच्या राजनंदिनीने चहा मागवला. ती कडा गावची, वयाने पंचशीलापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. पंचशीलाने कौतुकाने तिच्यापुढे फोन धरला.

"आई शप्पथ, काय जागा आहे!" राजनंदिनी म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ताई, हे लोक हात का करतायत?"

"हाय करायलेत. टुरिस्ट बघून."

"एवढी माणसं? आणि दोन्ही हातांनी?"

पंचशीलाने व्हिडिओ मागे घेतला. पुलावरच्या एका बाईच्या हातात लाल ओढणी होती आणि ती ओढणी खालून वर, खालून वर उडवत होती. तिच्या शेजारचा माणूस एका हाताने नदीच्या वरच्या अंगाला दाखवत होता आणि दुसऱ्याने वर येण्याची खूण करत होता. खाकी टोपीतला एक जण शिट्टी तोंडात धरून कठड्यालगत पळत होता. त्यांच्यात हसणारं कुणीच नव्हतं.

"ताई, फोन लावा," राजनंदिनी म्हणाली.

सीमेवर सतीशने तीन नेपाळी सिमकार्डं घेतली होती. त्यातलं एक बन्सींच्या फोनमध्ये होतं, कारण रोज एक व्हिडिओ पाठवायचा असं पंचशीलाने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तिने फोन लावला. रिंग पूर्ण वाजली, कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा रिंग मध्येच तुटली. तिसऱ्यांदा एक बाई नेपाळीत काहीतरी बोलली. त्यातला "सम्पर्क" एवढा शब्द कळला. सतीशच्या नंबरावरही तीच बाई बोलली.

तिने भावाला, प्रवीणला फोन केला. तो शेतात होता.

"दादा, व्हिडिओ बघितलास का?"

"बघितला की. आप्पा पार हिरो झाल्यात. सोता तेवढं दिसायचं ऱ्हायलं."

"पुलावरची मानसं बघितलीस?"

"बघितली. कावून?"

"ते वर या म्हनायलेत, दादा. पळा म्हनायलेत."

"काय बी तुझं. घोटा बुडंना त्या नदीत."

"वरच्या अंगाला आभाळ हाय म्हनले आप्पा."

"आभाळ आपल्याकडं बी येतंय, पडतंय का? आन् पानी सोडायच्या आधी सांगत्यात की. भोंगा वाजत असंल, मेसेज येत असंल."

प्रवीण गोदावरीचा पूर डोळ्यांसमोर धरून बोलत होता. गेवराईच्या गावांनी पूर पाहिलेला आहे, पण तो धरणातून सोडलेल्या पाण्याचा. तो येणार हे आदल्या दिवशी कळतं. तलाठी सांगतो, दवंडी होते, माणसं नदीवरच्या पाण्याच्या मोटारी काढून घेतात.

"दादा," पंचशीला म्हणाली, "तिथं कोन सोडनार हाय पानी? धरन कुठंय तिथं?"

पलीकडे फोन खिशात टाकल्याची खसखस ऐकू आली. मग मोटारसायकलला किक मारल्याचा आवाज आला.

राजनंदिनीने लॅबच्या डॉक्टरांना सांगितलं आणि पंचशीलाला स्कूटीवर बसवून कलेक्टर ऑफिसला नेलं. बीडमध्ये ऊन रटरटत होतं, आभाळ कोरं होतं. बिंदुसरेच्या पुलावर दोघींनीही खाली पाहिलं. पात्रात चार म्हशी होत्या आणि एक रिक्षावाला डबक्याच्या कडेला रिक्षा धूत होता.

आपत्ती व्यवस्थापन कक्षात शिवशंकर नावाचा कर्मचारी ड्युटीवर होता. पावसाळ्याची तयारी चालली होती. कोपऱ्यात लाइफ जॅकेटांचा ढीग होता.

"घटना कुठली ताई? तालुका?"

"नेपाळ."

त्याने मान वर करून पाहिलं. पंचशीलाने फोन पुढे केला. त्याने व्हिडिओ एकदा पूर्ण पाहिला, मग खुर्ची ओढून तिला बसायला सांगितलं. "नदीचं नाव?"

ते तिला माहीत नव्हतं. लुंबिनीकडून निघून त्यांनी रात्री डोंगराच्या पायथ्याला मुक्काम केला होता, एवढंच ठाऊक होतं. राजनंदिनीने व्हिडिओ थांबवत थांबवत पुढे नेला. पुलाच्या टोकाला निळी पाटी होती. अक्षरं आपलीच, देवनागरी. एका माणसाचा खांदा सरकला तेव्हा ती वाचता आली. काफलटार खोला.

"खोला म्हणजे ओढा त्यांच्यात," शिवशंकर म्हणाला. त्याने नकाशावर शोधलं. लांबून सुताएवढी दिसणारी एक रेघ डोंगरातून खाली येत होती. त्याने रेघेवरून बोट वर नेलं. ती फुटत गेली, तिला वीसेक तरी रेघा वरून येऊन मिळत होत्या. त्याने नकाशा लगेच बंद केला आणि फोन उचलला. मुंबईचा राज्य कक्ष, तिथून काठमांडूच्या भारतीय दूतावासाची हेल्पलाइन. तीच माहिती त्याने तीनदा सांगितली. बीड जिल्हा, तलवाडा, बौद्ध भाविकांची बस, पुलाचं नाव, शेवटचा संपर्क नऊ चाळीस.

"नऊ चाळीसला शेवटचा संपर्क," हे पंचशीलाला ऐकवेना. ती उठून व्हरांड्यात गेली.

तिथे तिने व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी आवाज बंद करून. त्यात बस होती, शेगडी होती, पूल होता. सगळं एका नजरेत मावत होतं. आई लांब होती, इतकी की तिला ओरडून बोलवावं लागलं. बसच्या आणि फोनच्या मध्ये पाणी वाहत होतं.

सगळे ओहोळाच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला होते. आप्पा एकटे पाणी ओलांडून समोरच्या अंगाला गेले होते. बस, पूल आणि डोंगर एकत्र यावेत म्हणून. तिला दाखवता यावं म्हणून. पळायची वेळ आली तर बाकीचे उतारावर चढतील. आप्पांना आधी पाणी ओलांडून परत यावं लागेल.

हे तिने राजनंदिनीला सांगितलं नाही.

एकच्या सुमारास शिवशंकरने तिला आत बोलावलं. एका नेपाळी बातम्यांच्या पेजवर व्हिडिओ आला होता. आधी तिला जागा ओळखता आली नाही. मग पुलाचे खांब दिसले आणि टोकाची निळी पाटी. खाली पात्र नव्हतंच. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत चिखलाच्या रंगाचं पाणी होतं आणि त्यातून आख्खी झाडं मुळं वर करून चालली होती. पाण्याच्या आवाजात बोलणाऱ्याचं काही ऐकू येत नव्हतं. वरची ओळ वाचता येत होती. बिहान दस बजे. भारतीय बस.

"बिहान म्हणजे सकाळ," शिवशंकर म्हणाला. "तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढं असतंय, ताई."

पंचशीलाने हिशेब केला. तेव्हा ती लॅबमध्ये व्हिडिओ बघून हसत होती.

प्रवीण दोन वाजता कलेक्टर ऑफिसला पोहोचला. डोळे लाल झाले होते, धुळीने की कशाने ते सांगता आलं नसतं. गावातली सगळी माणसं विहारात जमली आहेत, त्याने सांगितलं. सतीशची बायको आम्रपाली नुसती फोन चार्जिंगला लावते, काढते, परत लावते. राजनंदिनीने त्याला पाणी दिलं. त्याने पेला हातात धरला, प्यायला नाही.

"पंचे," तो हळू म्हणाला, "आप्पा कुठं उभे होते गं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. वाटेत त्यानेही व्हिडिओ पाहिला होता.

"समोरच्या अंगाला," ती म्हणाली.

"तुला ठावं होतं?"

"सकाळधरून."

"मंग सांगायचं न्हाईस?"

"सांगून काय केलं असतंस तू? गाडीवर हुतास तू."

प्रवीणने पेला बाकावर ठेवला. "त्यांला पवता येतंय," तो म्हणाला. "हिरीत शिकलेत ते." विहिरीतलं पाणी जागचं हलत नाही, हे दोघांनाही कळत होतं.

चार वाजून गेल्यावर कक्षाचा फोन वाजला. नेपाळी पोलिसांचा होता. शिवशंकरने स्पीकर लावला आणि हिंदीत बोलू लागला. पलीकडचा अधिकारी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होता. बस वाहून गेली. खाली दोन किलोमीटरवर आडवी दिसते आहे. बहुतेक प्रवासी वर आले होते, त्यांना पुलाजवळच्या शाळेत बसवलं आहे. काही जण मिळालेले नाहीत. "आपके एक आदमी से बात कराता हूँ."

फोनवर सतीश आला. त्याचा आवाज बसला होता.

"हॅलो, कोन हाय?"

"सतीशदादा, मी पंचशीला. आई?"

"काकू हायत. हितंच हायत, माज्यापशी. पायाला लागलंय, बाकी काय न्हाई."

"आप्पा?"

फोनमधून पावसाचा आवाज येत होता, पत्र्यावर पडणारा.

"पंचे, आमाला कळलंच न्हाई गं. आमाला वाटलं, ह्यांचं काय तरी पार्किंगचं असंल. मंग त्यो पोलीस सोताच खाली पळत आला. त्यानं एका बाईच्या दंडाला धरून वडलं, तवा आमी पळालो. सटवा गाडी काढतो म्हनत हुता, त्याला गचांडीला धरून आनला. वर चढून मागं बघितलं तर गाडी न्हवती."

"दादा, आप्पा कुठं हायत?" हे प्रवीणने विचारलं, मोठ्याने.

"काका पलीकडं होते. आन् तिगी बाया. आडोशाला गेलत्या पलीकडच्या झाडीत." सतीशने पुन्हा सांगितलं. "चौघं पलीकडं होते."

मागून कुणीतरी फोन मागत होतं. केशरबाई होत्या.

"पंचे, मी हाका मारल्या गं त्यांला. च्या झालाय या म्हनलं. आलो म्हनले. फोन खिशात घातला आन् पान्यात पाय टाकला, एवढं बघितलं मी. मंग मला वडलं कुनीतरी."

"पाय टाकला का आई? पान्यात उतरले होते का?"

"टाकला वाटतं. न्हाई, टाकायले होते. मला नीट ध्यानात न्हाई गं. मला इचारू नगंस."

"मागं वळले असतील," प्रवीण म्हणाला. "आवाज आला असंल, मागं वळले असतील. आई, मागं वळले का ते?"

अधिकाऱ्याने फोन परत घेतला होता. शिवशंकरने त्याला विचारलं की पलीकडच्या काठावर कुणाला पाठवता येईल का. पुलाला हादरे बसत आहेत, अधिकारी म्हणाला, पूल बंद केला आहे. पलीकडे रस्ता आहे, पण दरड त्याच रस्त्यावर आहे आणि दुपारी तिथे आणखी एक खाली आली. मधला तुकडा दोन्हीकडून तुटला आहे. हेलिकॉप्टर मागितलं आहे. ढग उठले तर येईल.

"उधर कोई दिखता है क्या?" पंचशीलाने विचारलं. तिचं हिंदी मोडकं नव्हतं, पण वाक्य तिला दोनदा सुरू करावं लागलं.

अधिकारी कुणाशी तरी नेपाळीत बोलला. मग म्हणाला, हो. पुलाच्या टोकावरच्या शिपायाला समोरच्या डोंगरात, पाण्याच्या बऱ्याच वर, झाडांमध्ये माणसं दिसली आहेत. नक्की किती, ते सांगता येत नाही. धुकं येतं आणि जातं. एकदा दोन दिसली, एकदा तीन.

"उनमें आदमी है कोई? कपड़े कौन से हैं?"

पुन्हा नेपाळीत बोलणं झालं. "सफ़ेद," अधिकारी म्हणाला. "सफ़ेद कपड़े."

प्रवीणने बहिणीचा हात धरला. "आप्पांनी पांढराच सदरा घातला असंल आज. असंल की."

फोन आईकडे द्या, असं पंचशीलाने शिवशंकरला अधिकाऱ्याला सांगायला लावलं. अधिकाऱ्याने तो पुन्हा सतीशकडे दिला.

"सतीशदादा, आज आप्पांनी काय घातलं होतं?"

"पांढरं," तो म्हणाला. "पंचे, आज समद्यांनी पांढरं घातलं होतं. बायांनी बी पांढऱ्याच साड्या. सांच्याला स्वयंभूला वंदना घ्यायची होती ना."

त्यानंतर लाइन तुटली.

सहा वाजता काठमांडूहून शिवशंकरला निरोप आला, तो त्याने दोघांना वाचून दाखवला. शाळेतल्या प्रवाशांची मोजणी पूर्ण झाली असून चौघे त्यांत नाहीत. ढग खाली असल्याने हेलिकॉप्टर निघालेलं नाही. पलीकडच्या काठावर हालचाल शेवटची पाच वाजता दिसली, त्यानंतर धुकं उठलेलं नाही. काफलटारच्या वरच्या अंगाला पाऊस सुरू आहे.